डिसेंबर-जानेवारीत थारचे पाहुणे पक्षी: कुठे जावं, कधी जावं, ओळखायचे कसे?

येरळाकाठ (विटा, जि. सांगली)

नमस्कार मंडळी,

विटा-खानापूर भागातले आम्ही सहाजण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राजस्थानात पक्षी बघायला निघतोय. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी इथली बदकं, चिखले, तुतवार बऱ्यापैकी ओळखता येतात. माळावरचे शिकारी पक्षी मात्र अजून गोंधळात टाकतात आणि वाळवंटातले पक्षी तर फक्त चित्रातच पाहिलेत.

सध्याची यादी अशी आहे: खिचन, जैसलमेरचं राष्ट्रीय मरू उद्यान, बिकानेरजवळचं जोडबीड, ताल छापर आणि जमलं तर परतताना कच्छचं छोटं रण. जाऊन-येऊन हाताशी आठ दिवस आहेत. एवढं सगळं बसेल का, नाहीतर काय गाळावं? कुरजां (डेमोझेल क्रेन) आणि साधा क्रौंच लांबून वेगळे कसे काढायचे? भोवत्यांच्या (हॅरियर) माद्या आणि गरुड यांच्यासाठी काही पक्की खूण आहे का? माळढोक आणि त्याचा लहान भाऊबंद हुबारा हे दोन्ही थंडीतच तिकडे येतात, असं समजतोय, ते बरोबर आहे का? हजारोंचा थवा मोजतात कसा?

सोबत दोन ८x४२ दुर्बिणी, एक स्पॉटिंग स्कोप आणि एक १५०-६०० ची लेन्स आहे. धुळीत काय जपायचं तेही सांगा. जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

---

माणदेशी (दहिवडी, जि. सातारा)

दादा, छोटं रण आधी यादीतून काढा. तिथे क्रौंच, रोहित (फ्लेमिंगो), हुबारा सगळं आहे, पण ती चार दिवसांची वेगळी सहल आहे. वाटेत उरकायची जागा नव्हे ती.

आता हिशोब करू. मिरजेवरून जोधपूरकडे थेट रेल्वे आहे, पण रोज नाही. वार आणि वेळ आरक्षण करतानाच बघून घ्या. जाण्या-येण्यात तीन दिवस गेलेच समजा, म्हणजे हातात उरले पाच. जोधपूर ते फलोदी सुमारे १४० किमी आणि खिचन फलोदीला लागूनच आहे. फलोदीपासून जैसलमेर दीडशे किमीच्या वर आणि बिकानेरही साधारण तेवढंच, पण दोन्ही उलट दिशांना. बिकानेरहून ताल छापर आणखी सव्वाशे-दीडशे किमी. पाच दिवसांत चारही जागा धरल्या तर रोजची सकाळ गाडीत जाईल, आणि वाळवंटात सकाळ गेली की दिवस गेला. माझं मत स्पष्ट आहे: जैसलमेर गाळा. खिचनला दोन सकाळी, बिकानेरला दोन दिवस, ताल छापरला एक संध्याकाळ आणि एक सकाळ. एवढ्यात तुम्ही विचारलेल्या बहुतेक गोष्टी नीट बघून होतील.

जागा ठरवण्याआधी पक्षी तिथे का जमतात तेवढं लक्षात घ्या, म्हणजे वेळा आपोआप ठरतात. थारमध्ये हिवाळी पक्षी तीन गोष्टींपाशी गोळा होतात: पाणी, दाणा आणि मेलेलं जनावर. खिचनला दाणा आणि पाणी आहे, जोडबीडला मेलेली जनावरं. ताल छापरला गवत आहे, म्हणजे नाकतोडे, उंदीर, चंडोल आणि त्यांच्यामागे आलेले शिकारी. बाकी शेकडो किलोमीटर माळावर पक्षी विखुरलेले असतात आणि तिथे नुसतं फिरून फारसं हाती लागत नाही.

खिचनचं वेळापत्रक कुरजांच्या हातात आहे. कुरजां म्हणजे कांड्या करकोचा. मंगोलिया, कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशात वीण करून हिमालय ओलांडून येतो. पहिले थवे ऑगस्टअखेर-सप्टेंबरात उतरतात, मार्चमध्ये परततात. डिसेंबर-जानेवारीत संख्या चांगली असते. रात्री ते गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर थांबतात आणि सूर्य वर आला की चुग्गाघराकडे निघतात. चुग्गाघर म्हणजे गावकऱ्यांनी कुंपण घालून राखलेलं दाणे टाकायचं आवार. १९७० च्या दशकात गावातल्या जैन कुटुंबांनी हे सुरू केलं आणि आजही गावच ते चालवतं. दाणा मुख्यतः ज्वारीचा.

इथे आपल्याकडच्या लोकांची हमखास एक चूक होते. डिसेंबरअखेर विट्यात सातच्या सुमारास सूर्य उगवतो, फलोदीला साडेसातला. त्यामुळे आपल्या सवयीने साडेपाचला जाऊन बसलात तर दोन तास काळोखात गारठून जाल. पावणेसातपर्यंत जागेवर असलं की पुरे. पहिले थवे आवारावर घिरट्या घालतात, लगेच उतरत नाहीत. एक टोळी उतरली की मागच्या भराभर येतात. या घिरट्यांच्या वेळी कुणी कुंपणाशी उभं राहिलं, छतावर उठून चाललं किंवा कुत्रं आत शिरलं तर अख्खा थवा उठून निघून जातो आणि तास-दीड तास फिरकत नाही. आवाराला लागून असलेल्या घरांच्या गच्चीवरून बघायची सोय आहे. घरमालकाला विचारून वर जा, कठड्यामागे बसा आणि बसलेलेच राहा. लाल-पांढरे कपडे नकोत.

साडेनऊ-दहानंतर दाणे संपतात आणि थवे पाण्याकडे जातात. गावाजवळ रातडी नदी आणि विजयसागर तलाव अशी दोन पाणी आहेत. नदी म्हणजे तिकडे तळंच. जून २०२५ मध्ये खिचनला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) मिळाला तो याच पाणथळीमुळे. दुपारी कुरजां काठावर पाणी पितात, बारीक खडे गिळतात, पिसं साफ करतात. दाणे दळायला पोटातल्या पेषणीत खडे लागतात, म्हणून गोटाळ काठ त्यांना हवाच असतो. फोटोसाठी सकाळपेक्षा ही वेळ बरी, कारण पक्षी एका जागी शांत असतात. काठापासून निदान शंभर मीटर लांब बसा.

आता ओळख. साधा क्रौंच मोठा आणि जाड असतो, डोक्यावर लाल डाग, आणि डोळ्यामागून मानेवर उतरणारा रुंद पांढरा पट्टा. कुरजां त्याच्यापुढे बारीक, उंची जेमतेम मीटरभर. डोळ्यामागून निघणारा पांढऱ्या पिसांचा झुबका मागे लोंबतो, डोळा लाल असतो आणि माथा करडा. लांबून किंवा उडताना यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा गळ्याखालचा काळा रंग कुठे संपतो ते बघा. साध्या क्रौंचाचा काळा रंग मानेच्या मध्यावर थांबतो. कुरजांचा खाली छातीपर्यंत येतो आणि तिथे लांब काळी पिसं लोंबताना दिसतात. ही खूण उडत्या थव्यातही टिकते. यंदाच्या पिल्लांत झुबका आखूड आणि काळा रंग फिका असतो, त्यामुळे एकटा पक्षी बघून निकाल देऊ नका, सोबतचे बघा.

दाणे आपण न्यावेत का असं बरेच जण विचारतात. नेऊ नका. पाव, बिस्किटं, फरसाण तर अजिबात नको. द्यायचंच असेल तर चुग्गाघर चालवणाऱ्यांकडे ज्वारीसाठी पैसे द्या.

---

सुगरण (मिरज)

माणदेशी दादांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण जैसलमेर गाळायला माझा विरोध आहे. गाळायचंच तर ताल छापर गाळा. भोवत्या, खरूची (केस्ट्रल), चंडोल आपल्या जत-आटपाडीच्या माळावर थंडीत दिसतात. पण काळ्या पोटाची पखुर्डी (सँडग्राउस), ठिपकेवाली पखुर्डी, रणातले गप्पीदास-रणगोजे आणि हुबारा बघायचे तर खरं वाळवंटच हवं.

तुमच्या प्रश्नातली एक दुरुस्ती आधी. माळढोक पाहुणा नाही. तो बारा महिने इथलाच, फार तर पाऊसपाण्यानुसार जागा बदलतो. सोलापूरच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ पासून अभयारण्य आहे हे आपल्याला माहीत आहेच. आता देशात दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. हुबारा मात्र खरा स्थलांतरित, मध्य आशियातून थंडीत येतो. तिकडे त्याला तिलोर म्हणतात. आकाराने माळढोकाच्या मानाने खूपच लहान, मानेच्या बाजूने उतरणारी काळी पट्टी. चाहूल लागली की उडण्याऐवजी झुडपाखाली मान लांब करून जमिनीला चिकटून बसतो. पहाटे आणि संध्याकाळी चरायला बाहेर पडतो, तेव्हाच दिसण्याची आशा.

मरू उद्यान ३,१६२ चौरस किमीचं आहे, जैसलमेर आणि बाडमेर मिळून. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आहे, म्हणून फाटक दिसेल अशी अपेक्षा धरू नका. सुदासरीचा कुंपण घातलेला भाग बघायला जैसलमेरच्या वन कार्यालयातून परवानगी काढा, शक्यतो आदल्या दिवशी. माळढोकाची प्रजनन केंद्रं पर्यटकांसाठी नाहीत, तिथे विनंत्या करत बसू नका. सीमेलगतच्या बऱ्याच भागात परवानगीशिवाय जाता येत नाही. ड्रोन तर घरीच ठेवा.

पखुर्ड्यांसाठी सोपी युक्ती: सूर्योदयानंतर दोनेक तासांनी त्या पाण्यावर येतात. एखादं उथळ, उघड्या काठाचं तळं आधल्या दिवशी हेरून ठेवा, आठच्या आत गाडी काठापासून साठ-सत्तर मीटरवर उभी करा आणि आतच बसा. गाडीतून उतरलात की त्या वरच्यावर फिरून निघून जातात आणि त्या दिवशी तहानलेल्याच राहतात. आवाज आधी येतो, मग थवा. काळ्या पोटाच्या पखुर्डीचं पोट डोक्यावरून जाताना कोळशासारखं दिसतं.

रणगोज्यांचा घोळ शेपटीवर सुटतो. उडून पुढच्या दगडावर बसताना शेपूट पसरते, तो क्षण पकडा. वाळवंटी रणगोजाची (डेझर्ट व्हीटिअर) शेपूट जवळजवळ मुळापर्यंत काळी. इसाबेलिन रणगोजाच्या शेपटीची मुळाकडची निम्मी बाजू पांढरी आणि टोकाकडे रुंद काळा पट्टा. शिवाय इसाबेलिन ताठ उभा राहतो आणि जमिनीवर खूप पळतो. तांबड्या शेपटीचा असेल तर तो तिसराच. वाळवंटी रणगोजाच्या नराचा काळा गळा थेट पंखाच्या काळ्याला जोडलेला असतो, तेवढं दिसलं तरी काम झालं.

आणखी एक. युरोपियन नीलपंख, लाल पाठीचा खाटीक, ठिपकेवाला माशीमार यांची नावं यादीत असतील तर खोडा. ते आफ्रिकेला जाताना सप्टेंबरच्या सुमाराला कच्छ-थारवरून वाट काढतात, थंडीत तिथे थांबत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा मोसम.

---

गोफण (कवठेमहांकाळ)

शिकारी पक्ष्यांचं मी लिहितो, कारण जोडबीडला सगळ्यात जास्त तिथेच गफलत होते.

जोडबीड हे बिकानेर शहराजवळ मेलेले उंट, गाई-म्हशी टाकायचं ठिकाण आहे. थंडीत तिथे स्टेपी गरुड शेकड्यांनी जमतात. सोबत पांढरी गिधाडं, युरेशियन ग्रिफॉन, हिमालयीन ग्रिफॉन, काळं गिधाड. दुर्गंधी असते, नाकाला रुमाल बांधा. वास सोसायची तयारी नसेल तर जाऊच नका, कारण पाच मिनिटांत गाडी वळवणाऱ्याला तिथे काही दिसत नाही. सकाळी हवा तापेपर्यंत गरुड जमिनीवर आणि खेजडीच्या झाडांवर बसून असतात. ऊन वाढलं की घिरट्या घालत वर जातात. म्हणून आठ ते साडेदहा ही खरी वेळ. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या मोठ्या आहेत आणि अंगावर येतात. एकट्याने गाडीपासून लांब जाऊ नका.

स्टेपी गरुड की पिंगट गरुड, हे रंगावर ठरवाल तर फसाल. दोघांचेही रंग फिक्यापासून गडदपर्यंत बदलतात. स्कोप चोचीच्या कोपऱ्यावर लावा. पिवळी जिवणी डोळ्याच्या मध्यापर्यंतच येऊन थांबली तर पिंगट. डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत ओढलेली दिसली, तोंड कानापर्यंत फाकल्यासारखं वाटलं, तर स्टेपी. नाकपुडीही बघा: स्टेपीची लंबगोल, मोठ्या ठिपकेवाल्या गरुडाची गोल. उडताना स्टेपीच्या पिल्लाच्या पंखाखाली मधोमध रुंद पांढरा पट्टा असतो, तो मैलभरावरून कळतो. हा पक्षी २०१५ पासून जागतिक पातळीवर संकटग्रस्त यादीत आहे, तेव्हा नोंद करताना "गरुड, बरेच" असं न लिहिता मोजून लिहा.

गिधाडं इथे टिकून आहेत त्याला जनावरांच्या औषधांचा संबंध आहे. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा जनावरांसाठीचा वापर २००६ मध्ये बंद झाला, केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक २०२३ मध्ये. मेलेल्या जनावराच्या अंगात ही औषधं असली की ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. आपल्या भागातही गोठ्यात कुठलं इंजेक्शन दिलं जातंय हे पशुवैद्यकांना विचारत जा. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे.

भोवत्यांचं. ताल छापर ७१९ हेक्टरचं छोटं अभयारण्य आहे, काळविटांसाठी राखलेलं, सगळं सपाट गवत. भोवत्या रात्री जमिनीवर गवतात झोपतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी चारी दिशांनी येऊ लागतात, खालून घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता गवतात उतरतात. त्या वेळी रस्त्यावरच थांबायचं. गवतात पाऊल टाकलंत तर उतरलेले पक्षी उठतात आणि अंधारात परत जागा शोधत बसतात. माँटेग्यू आणि पॅलिड या दोन जातींत घोळ होतो. नर सोपे: माँटेग्यूच्या नराच्या पंखावर वरच्या बाजूने एक काळी आडवी रेघ असते, पॅलिडचा नर फिका आणि पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. माद्या आणि पिल्लं दोन्हींची तपकिरी आणि कमरेला पांढरा पट्टा. तिथे चेहरा बघा. गालाच्या काळपट चंद्रकोरीमागे स्वच्छ फिकी कॉलर आणि त्यामागे परत गडद मान असेल तर पॅलिड. कॉलर नसेल आणि डोळ्याभोवती पांढरं जास्त असेल तर माँटेग्यू. शंका राहिली तर "माँटेग्यू/पॅलिड" असंच लिहा. चुकीच्या खात्रीपेक्षा खरी शंका नोंदवहीत जास्त कामाची.

जाण्याआधी सराव हवा असेल तर नोव्हेंबरात आपल्या माळावर जा. शाळूच्या रानात भोरड्यांचे (गुलाबी मैना) थवे उतरतात, त्यांच्या मागावर भोवत्या आणि ससाणे असतात. शाळू राखणारे गोफण फिरवतात त्या बाजूला उभं राहिलं की भोरड्या उठतात कशा, ससाणा घुसतो कुठून, हे समोर दिसतं. भोरड्या हाही त्याच मध्य आशियाच्या वाटेने येणारा पक्षी आहे.

---

कृष्णाकाठ (कराड)

मोजणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

थवा उडायच्या आधी दहा पक्षी खरोखर मोजा आणि तेवढ्यांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते नजरेत ठेवा. तसल्या पाच जागा म्हणजे पन्नास, दहा म्हणजे शंभर. मग शंभराचा ठोकळा थव्यावर पुढे सरकवत जायचं. चुग्गाघरात मोजू नका. तिथे पक्षी एकमेकांमागे दडतात आणि आकडा हमखास कमी येतो. मोजायची वेळ म्हणजे येतानाची. दोघांनी दोन दिशा वाटून घ्यायच्या, प्रत्येक टोळी कुंपणाच्या एका ठरलेल्या खांबाच्या किंवा झाडाच्या रेषेवरून गेली की मोजायची, आणि परत फिरून आलेल्या टोळ्या वजा करायच्या. घिरट्या घालणारा थवा दोनदा मोजला जाणं ही सगळ्यात मोठी चूक. दोघांनी स्वतंत्र आकडा लिहा, शेवटी ताडून बघा. फरक पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी परत मोजा. आकडा "२०,०००" असा गोल येत असेल तर तुम्ही मोजलेलं नाही, ऐकलेलं लिहिलंय.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणार असाल तर प्रत्येक जागेची वेगळी यादी करा, वेळ आणि चाललेलं अंतर टाका. अॅपमधला राजस्थानचा भाग घरून निघण्याआधीच उतरवून ठेवा. मर्लिन या पक्षी ओळखायच्या अॅपवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलवायचा मोह टाळा. हुबारा, माळढोक यांच्या नेमक्या जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

साधनांचं: थंड सकाळी उबदार खोलीतून दुर्बीण एकदम बाहेर काढली की काचेवर वाफ धरते. ती रात्री बॅगेतच गाडीत ठेवा. लेन्स बदलायची तर गाडीच्या आत, खिडक्या लावून आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. काचेवरची वाळू आधी फुंकणीने उडवा, मग पुसा. थेट कापड फिरवलंत तर वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो. दहा-साडेदहानंतर जमिनीवरची हवा हलायला लागते. तेव्हा शंभर मीटरच्या पुढचा फोटो कितीही महागड्या लेन्सने मऊच येतो, लेन्स बिघडलीय असं समजून घाबरू नका. त्या वेळात जवळचे पक्षी घ्या किंवा स्कोपने नुसतं बघा.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये सांभर तलावावर हजारो पक्षी बोट्युलिझमने (जिवाणूंच्या विषबाधेने) मेले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यात कुरजांमध्ये बर्ड फ्लू निघाला. जागा, वेळ, संख्या आणि लांबून काढलेला फोटो वन खात्याला द्या. पाणथळीवर वापरलेले बूट दुसऱ्या पाणथळीवर जाण्याआधी धुवा. परत आल्यावर मायणीला तेच बूट घालून जाणार असाल तर आणखीच नीट धुवा.

---

टेंभू_पाट (आटपाडी)

गाडीचं थोडक्यात. डांबर सोडून वाळूत जायचं असेल तर स्थानिक चालकाची कॅम्पर पिकअप किंवा जीप घ्या. आपली सेडान किंवा हॅचबॅक नको. फोर-व्हीलला मऊ वाळूत टायरमधली हवा ३२ पीएसआयवरून १८-२० पर्यंत उतरवतात आणि डांबरावर येण्याआधी परत भरतात. हवेचा छोटा पंप सोबत हवाच. चाक रुतलं की अॅक्सिलरेटर दाबू नका, चाक स्वतःचा खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. चाकापुढची वाळू हाताने काढा, पायपुसणी किंवा फांद्या घाला, दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडा. फांद्या विलायती बाभळीच्या असल्या तर त्यांचा काटा टायरमध्ये जातो, बघून घ्या.

मोजे उंच घाला. भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं मोज्यात आणि पँटच्या शिवणीत अडकतात. हाताने ओढू नका, बोटात मोडतात. कंगव्याने काढा. रात्री तापमान पाच अंशांच्या आसपास उतरतं आणि दुपारी स्वेटर काढावा लागतो, तेव्हा एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ घ्या.

एक निरीक्षण, आपल्या तलावांवर पण लागू. पाऊस चांगला झाला की थारात जागोजागी तळी भरतात आणि पक्षी पांगतात. खिचनसारख्या एका जागी गर्दी कमी दिसू शकते. दुष्काळात उलट. आकडा कमी आला म्हणजे पक्षी घटले असा निष्कर्ष लगेच काढू नका, त्या वर्षीचा पाऊस बघा. येरळवाडीतही तलाव काठोकाठ असला की रोहितांना चरायला उथळ पाणी राहत नाही, ते दुसरीकडे जातात.

---

येरळाकाठ (विटा)

सगळ्यांचे मनापासून आभार. छोटं रण काढलं. सुगरण ताई आणि माणदेशी दादा यांच्या वादात आम्ही असं ठरवतोय: खिचन दोन सकाळी, जैसलमेर दीड दिवस, बिकानेर दीड दिवस. ताल छापर सोडलं. भोवत्या नोव्हेंबरात आपल्याच माळावर बघू.

शेवटचा एक प्रश्न. कुरजांच्या पायात रंगीत कडी किंवा पाठीवर टॅग दिसला तर नेमकं काय लिहायचं?

---

माणदेशी (दहिवडी)

दीड दिवस जैसलमेरला कमी पडेल, पण परवानगी आधी हातात असेल तर जमेल. दोन सकाळी खिचनला ठेवल्यात ते योग्य केलंत, पहिल्या दिवशी वारा किंवा धुकं असलं तर दुसरा दिवस कामी येतो.

कड्यांचं असं: पाय कुणाचा ते पक्ष्याच्या बाजूने लिहा, बघणाऱ्याच्या बाजूने नव्हे. पक्षी तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा डावा पाय तुमच्या उजव्या हाताला येतो, इथेच बहुतेक नोंदी उलट्या होतात. मग कडं गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर आहे की खाली, रंग वरून खाली क्रमाने, आणि त्यावर अक्षरं-आकडे असतील तर तेही वरून खाली. पुसट दिसलं तर अंदाजाने भरू नका, त्या जागी प्रश्नचिन्ह घाला. पाठीवर टॅग असेल तर अँटेना आणि छोटा सौरपट्टा दिसतो, तोही लिहा. तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, सोबत किती पक्षी होते हे जोडून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. फोटो काढताना दोन्ही पाय पूर्ण दिसतील असा एक तरी घ्या. पिसांचा झुबका सुंदर येतो म्हणून सगळे फोटो डोक्याचेच निघतात आणि कडं कोणत्या पायात होतं ते कळत नाही.